काकूंची मेस: पोळीला तीन, कोजागरीला पाच

दर जूनमध्ये नवी पोरं विद्यापीठाच्या लायब्ररीत माझ्या काउंटरशी येतात आणि पुस्तकाच्या आधी मेसचं विचारतात. "दादा, समोरची मेस कशी आहे? लावू का?" प्रत्येकाला उभ्या उभ्या तेच ते सांगून घसा बसतो. म्हणून यंदा लिहूनच टाकतो.

माझी पात्रता एवढीच की मी या मेसमध्ये अकरा वर्षं जेवतोय. बायको साक्री तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर, घर तिकडे, माझी नोकरी इकडे. सोमवार ते शनिवार दुपार माझं पोट काकूंच्या हवाली असतं. त्यामुळे त्यांच्या डाळीत कोणत्या वारी पाणी जास्त पडतं हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. (गुरुवारी. बुधवारी रात्री पीठ-किराणा येतो आणि आप्पा आचारी जागलेले असतात.)

मेस विद्यापीठाच्या गेटसमोर, रस्ता ओलांडला की पत्र्याची शेड. बोर्ड आहे, पण अक्षरं उन्हाने उडालीत, कुणी वाचत नाही. नाशिकच्या निमाणी बसस्टँडवरून सिटीलिंकच्या बसने येणाऱ्याला मी "शेवग्याच्या झाडाखाली चपलांचा ढीग दिसेल तिथे" असं सांगतो. आमचं विद्यापीठ लहान. इतकं लहान की पहिल्या सेमिस्टरच्या शेवटी मला जवळजवळ सगळी पोरं तोंडावरून कळतात, आणि कुणाचं पुस्तक थकलंय हे मी त्याला जेवताना सांगू शकतो. पोरांना हे आवडत नाही. काकूंना आवडतं, कारण त्या थकलेल्या मेसबिलाचंही माझ्याकरवी सांगून घेतात.

आधी पैशाचं. दोन वेळचे महिन्याला ३,२००, एक वेळचे १,८००, पाहुण्याचं ताट ८०. डिपॉझिट एक महिन्याचं, ते जाताना परत मिळतं, फक्त आपली वाटी-चमचा हरवलेला नसला पाहिजे. पैसे आता मोबाईलवर स्कॅन करून देता येतात. खाडा मात्र अजून वहीतच. खिळ्याला दोरीने वही, वहीला दोरीने पेन्सिल, आणि पेन्सिलीला टोक कधीच नाही. सलग तीन दिवसांचा असेल आणि आदल्या रात्री नऊच्या आत लिहिला असेल तरच खाडा धरतात. माझी पहिली तक्रार हीच. मी दर शनिवारी रात्री आणि रविवारी नसतो, म्हणजे दीड दिवस. अकरा वर्षांतले हे दीड-दीड दिवस एकत्र केले तर माझी एक बऱ्यापैकी सायकल आली असती. काकूंना हे मी दरवर्षी सांगतो. त्या म्हणतात, "भाऊ, तुमच्यासाठी नियम बदलला तर उद्या सगळे शनिवारी घरी जातील." याला उत्तर नाही.

आता जेवण. पोळी साडेबाराच्या आत मिळाली तर चांगली, पातळ, दोन पदर सुटलेली. दीडनंतर तीच पोळी डब्यात घामेजून चामड्यासारखी होते. म्हणून पाचपैकी तीन. भात घोटीकडचा इंद्रायणी, थोडा चिकट, मला आवडतो, सोलापूरच्या पोरांना आवडत नाही. भाज्यांत कोबी फार. शुक्रवारची शेवभाजी मात्र मन लावून केलेली असते. आप्पा चोपड्याचे, काळा मसाला स्वतः भाजतात, आणि त्या दिवशी लायब्ररीच्या वाचनकक्षात बाराच्या पुढे एक माणूस थांबत नाही. अंडं मिळत नाही, मिळणारही नाही, विचारू नका. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री बंद.

कांद्याचं एक वेगळंच आहे. भाव चढले की कोशिंबिरीतला कांदा गायब आणि काकडी-कोबी हजर. मग आमच्याकडच्या निफाड-चांदवडच्या पोरांचे चेहरे बघावेत. घरून बापाचा फोन आलेला असतो, लासलगावला चांगला भाव निघाला म्हणून पोरगा खूश, आणि ताटात कांदा नाही म्हणून त्याच तोंडाने काकूंशी भांडतो. भाव पडले की उलट. ताटात कांदाच कांदा, आणि तो पोरगा गप्प बसून जेवतो. अशा आठवड्यात काकू त्याच्याकडून पैसे मागत नाहीत. हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्याजवळ हिशेबाची वही दोनदा लिहायला आली होती, म्हणून माहीत.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग डबा लावू की. लावा. गावातून चांगले डबे येतात. पण मग सणाला तुम्ही खोलीत बसाल.

लहान विद्यापीठात सणाची पंचाईत असते. मोठ्या ठिकाणी प्रत्येक गावाची, प्रत्येक भागाची मंडळं आपोआप जमतात. आमच्याकडे सुरगाण्याचे सहा, मालेगावचे चार, लातूरचा एक. सहा जणांनी काय साजरं करायचं? विद्यापीठ आपल्या परीने करतं. 'ट्रॅडिशनल डे' असतो, भाड्याचे फेटे येतात, सेल्फीची चौकट उभी राहते, कुलगुरू दोन शब्द बोलतात. मी त्याच्या विरोधात नाही. माझाही फेटा बांधलेला फोटो आहे, वाईट आलेला नाही. पण दुपारी चारला फेटे मोजून परत दिले की तो दिवस संपतो.

काकूंच्याकडे पद्धत वेगळी, आणि ती माझ्यामुळे सुरू झाली असं मी (थोडं फुगवून) सांगतो. माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष, २०१५. सिंहस्थाचं वर्ष. आमच्याकडे खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. खानदेशातला माणूस पुण्या-मुंबईहून गाडीला लटकून त्या दिवशी घरी जातो. दिवाळी चुकली चालते, कानबाई चुकत नाही. मला त्या वर्षी तपासणी समितीच्या कामामुळे रजा मिळाली नाही. शनिवारी रात्री मी ताटावर बसलो आणि जेवलोच नाही. काकूंनी विचारलं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग इथे करा की कानबाई."

आता त्यांना कसं समजावू? कानबाईचे रोट, म्हणजे तिचा नैवेद्य, असे कुठेही, कुणीही करायचे नसतात. आमच्या घरी घरातल्या पुरुषांच्या हिशेबाने धान्य मोजून घेतात आणि रोट भाऊबंदांनीच संपवायचे असतात. मेसमधल्या साठ जणांना मी भाऊबंद कुठून करू? हे ऐकून काकू थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "रोट नको. बाकी तुमच्याकडे काय करतात?" मी म्हटलं, मांडे. खापरावरची पुरणाची पोळी.

"करा. चूल मागे आहे. डाळ-गूळ माझा, हात तुमचे."

सोमवारी संध्याकाळी खापर सिडकोतल्या एका ओळखीच्या घरून आणलं. सिडकोत अर्धा खानदेश राहतो, खापर मिळणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते आणणं. गोधडीत गुंडाळून, मांडीवर धरून, मित्राच्या स्कूटरवर मागे बसून, प्रत्येक गतिरोधकाला देवाचं नाव घेत. सोबत त्या घरच्या आत्याबाई रिक्षाने आल्या, कारण मांडा हातावर फिरवणं मला येत नाही आणि आप्पांनाही येत नव्हतं हे तेव्हा उघड झालं. (चोपड्याचा माणूस! पण त्यांच्या घरी ते काम बायकांचं.) पीठ वस्त्रगाळ हवं होतं, ते नव्हतं. पहिले चार मांडे फाटले. पाचवा आत्याबाईंनी दोन्ही हातांवर असा काही फिरवला, कोपरापर्यंत पसरवला आणि उलट्या खापरावर टाकला, की रांगेत ताट घेऊन उभी असलेली पोरं टाळ्या वाजवायला लागली. आत्याबाई लाजल्या आणि पुढचा फाटला.

साडेआठला सुरुवात, शेवटचं ताट अकराला. एका मांड्याचे चार वाटे करून दिले, वरून दूध-तूप, बाजूला रशी. कटाची आमटी म्हणणाऱ्यांना मी त्या रात्री रशी म्हणायला लावलं. सोलापूरचा एक पोरगा म्हणाला, "आमच्याकडे पोळी लाटतात." आत्याबाई म्हणाल्या, "मंग तुमनी कर दखाड." (मग तुमची करून दाखव.) त्याला अहिराणी कळली नाही, पण काकूंना कळली. पुढच्याच आठवड्यात त्याच्या हातात लाटणं होतं.

तेव्हापासूनचा नियम: जेवताना जो "आमच्याकडे असं करतात" म्हणेल, त्याला मागची चूल मिळते. सामान काकूंचं, कष्ट त्याचे, आणि कार्डावर जेवणारा प्रत्येक जण खाणार. पहिल्या वर्षी पोरं फार बढाया मारायची. आता तोंड सांभाळून बोलतात.

त्याच वर्षी सिंहस्थातल्या पर्वणीच्या, म्हणजे शाही स्नानाच्या, दिवशी रस्ते बंद होते, भाजीची गाडी आली नाही आणि दोन्ही वेळा पिठलं-भात झाला, तोही मी सणातच धरतो.

सुरगाण्याच्या पोरांचं सांगायलाच हवं. त्यांनी तीन वर्षांपूर्वी नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण केलं. भाकरी थापताना बघायला मुलींची गर्दी, कारण सहाही पोरं भाकरी थापत होती आणि एकाचीही मोडत नव्हती. जेवण झाल्यावर त्यातल्या एकाने पावरी काढली. लांब भोपळ्याचं ते वाद्य, आवाज असा की शेडमधला पंखा बंद करावा लागला. डोंगऱ्या देवाला मार्गशीर्षात हीच वाजते, म्हणाला. हे बघून सांस्कृतिक समितीतल्या कुणाला तरी वाटलं की याला ट्रॅडिशनल डेला घ्यावं. बोहाड्याचा, म्हणजे गावातल्या सोंगांच्या उत्सवाचा, मुखवटा घालून चार मिनिटांचा आयटम. पोरगा नम्रपणे नाही म्हणाला. मुखवट्याची पूजा होते, गावात सांबळ-पिपाणीवर सोंग निघतं, रात्रभर चालतं, ते चार मिनिटांत कसं बसवू? समितीला वाटलं पोरगा लाजतोय. मेसमध्ये त्याने मुखवटा घातला नाहीच, पण त्या रात्री भाकरीच्या परातीशेजारी बसून कोणतं सोंग कोणाच्या घराकडे असतं, आजोबांनी कोणतं घेतलं होतं, हे साडेदहापर्यंत सांगितलं. माझ्या लेखी तेच खरं. समितीने मग भाड्याचे फेटेच वाढवले.

मालेगावच्या पोरांसाठी रमजानमध्ये रात्री डबा भरून ठेवतात, पहाटे उठून सहेरीला खाता यावा म्हणून. भाजी सुकी देतात, टिकते. ईदला तीच पोरं घरून शीरखुर्मा आणतात, दोन मोठे स्टीलचे डबे, एसटीत मांडीवर धरून. डबे उघडायच्या आधी काकू त्यात कुणी बोट घातलंय का बघतात.

माझ्या स्वतःच्या खात्यातला दिवस म्हणजे १४ एप्रिल. त्या निमित्ताने आम्ही सलग अठरा तास वाचन ठेवतो, सकाळी सहा ते रात्री बारा. बाबासाहेबांच्या जयंतीला बऱ्याच ठिकाणी हे करतात, पण इतक्या लहान जागी अठरा तास पोरं बसवणं सोपं नाही. पहिल्या वर्षी दुपारी तीनलाच निम्मी पसार झाली. कारण साधं होतं, भूक. मेस आणि लायब्ररीत रस्ता आहे आणि एकदा रस्ता ओलांडला की खोली दिसते. पुढच्या वर्षी काकूंनी जेवणच इकडे पाठवलं. व्हरांड्यात खिचडी-कढी, चारला चहा, रात्री नऊला परत चहा आणि पोहे. तेव्हा संख्या टिकली. रात्री अकराला एक मुलगी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाबद्दल वाचत होती. २ मार्च १९३० ला सुरू झालेला. वाचता वाचता तिने मान वर करून विचारलं, "दादा, हे आपल्या निमाणीजवळचंच मंदिर ना?" तेच. तिथून पायी जाता येतं. ती तीन वर्षं त्याच स्टॉपवरून बस पकडत होती. पुढच्या रविवारी चार-पाच जणी जाऊन आल्या.

रंगपंचमीला मेस बंद. ही तक्रार नाही, तशीच हवी. बाहेरून आलेली पोरं धुळवडीला रंग घेऊन उतरतात आणि बघतात तर नाशिकमध्ये त्या दिवशी वीर (देवघरातले पूर्वजांचे टाक) मिरवून नाचवतायत, रंग कुठेच नाही. रंग पाच दिवसांनी, आणि तोही रहाडीत. जुन्या नाशकात वर्षभर बुजवून ठेवलेले ते दगडी हौद, रंगपंचमीला उघडतात, त्यात धप्पा मारायचा. एकदा मारला की पोरगा दोन दिवस त्याच रंगात वर्गात बसतो. काकूंची अट एवढीच, की अंघोळ केल्याशिवाय बाकावर बसायचं नाही. बाकांकडे बघितलं तर अट कितपत पाळली जाते ते कळेल.

कोजागरीला पाच तारे देतोय, त्याचं कारण जेवण नाही. दूध दरवर्षी सारखं नसतं. २०१९ ला तर ते बुडाला लागलं. चाळीस लिटर, मोठी कढई, ढवळायच्या पाळ्या लावलेल्या, आणि एका पाळीवाल्याला मेसेज आला. करपल्याचा वास गेटपर्यंत. आप्पांनी वरचं वर दुसऱ्या पातेल्यात काढलं, वेलदोडा-जायफळ दुप्पट टाकलं, तरी लागायचं ते लागलंच. सगळ्यांनी प्यायलं. बॅच बाहेर पडून इतकी वर्षं झाली, तरी त्या वर्षीची पोरं फोनवर एकमेकांना "काय करपल्या" म्हणतात.

पण दूध तयार झालं की काकू मेन स्विच बंद करतात. शेड, अंगण, गेटसमोरचा बल्ब, सगळं. मोबाईल खिशात ठेवायला सांगतात, आणि आश्चर्य म्हणजे पोरं ठेवतात. मग चांदण्यात कोण शिपाई, कोण प्राध्यापक, काही कळत नाही. एका वर्षी अंधारात मी शेजारच्याला "अरे, पेला पुढे कर" म्हणालो, तर ते कुलसचिव. त्यांनी पेला पुढे केला. दुसऱ्या दिवशी माझी अडकलेली वार्षिक खरेदीची फाईल सही होऊन आली असं मी सांगत फिरतो. खरं तर ती पंधरा दिवसांनी आली.

तक्रारींतली मोठी तक्रार मुलींची, आणि ती मेसपेक्षा वसतिगृहाची आहे. त्यांचं गेट लवकर बंद होतं. पहिली काही वर्षं मुलींचा वाटा डब्यात भरून आत जायचा. मांडा डब्यात दुमडून पाठवणं म्हणजे काय ते ज्याने गरम खाल्लाय त्यालाच कळेल. एका वर्षी मुलींनी डबे परत पाठवले, झाकण न उघडता. काकूंना ते लागलं. आता सणाची चूल साडेचारला पेटते आणि पहिली पंगत सहाला मुलींची. कोजागरीला रेक्टर मॅडम स्वतः सोबत येतात आणि बारापर्यंत थांबतात. सूट त्या एका रात्रीचीच आहे. बाकी दिवशी गेट आपल्या वेळेलाच लागतं.

इतर किरकोळ: हात धुवायचा नळ एकच, बाराला रांग लागते. उन्हाळ्यात पत्रा तापतो, एप्रिल-मेमध्ये टॉवेल घेऊन या. परीक्षेच्या काळात साखर संपल्यासारखा चहा मिळतो. दिवाळीत लक्ष्मीपूजन ते भाऊबीज पूर्ण बंद, राहणाऱ्यांनी आधी सोय बघावी.

कार्ड काढायचं तर जूनच्या पहिल्या आठवड्यात जा. १५ तारखेनंतर गेलात तरी पैसे पूर्ण महिन्याचेच. काकू कार्डाच्या मागे तुमचं गाव लिहून घेतात, तालुक्यासकट. तिथे नीट विचार करून सांगा. गेल्या वर्षी एका पोराने चुलीचं ऐकलं होतं, काम नको म्हणून त्याने "इथलाच, नाशिक" असं लिहिलं. त्याला वाटलं सुटलो. यंदा काकूंनी कार्ड उलटं करून बघितलं आणि त्याला सत्तर ताटांची मिसळ लावली, काळ्या रश्शाची, पापडासकट. गेले तीन दिवस तो आईला फोन करून मटकी कधी भिजवायची ते विचारतोय. मिसळ या रविवारी सकाळी आहे. शनिवारची साक्रीची गाडी मी सोडली आहे, बायकोला कळवलंय.